पहिल्या डिस्कचं शेवटचं वाक्य

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी भांडार विभागात रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ वर बघत म्हणाले, "मॅडम, हा पंखा आपल्याशी काहीतरी बोलतोय असं वाटतंय मला." एवढं बोलून ते थांबले. नुसते थांबले नाहीत. मान थोडी तिरपी, एक भुवई वर आणि नजर थेट माझ्या तोंडावर. मी तेव्हा नवी, त्यात नाशिकरोडची. कुणी टक लावून बघितलं की माझं डोकं फिरायचं. म्हटलं, "तेल मागत असेल. घाला आणि गप्प करा."

त्यांनी मान हलवली. "उत्तर बरं आहे. उशिरा आलं."

आणि खाली मान घालून पावत्या लावायला लागले. मी मनात म्हटलं, झालं! पहिल्याच दिवशी हा चक्रम शेजार पदरात पडला.

दुपारी कँटीनमध्ये चहा घेताना तेच गृहस्थ समोरच्या बाकावर होते. टर्बाइनकडचा एक फिटर आला, हात पुसत पुसत त्यांच्या शेजारी बसला. यांनी वर बघितलं आणि अगदी त्याच सुरात, "हा पंखा आपल्याशी काहीतरी बोलतोय असं वाटतंय मला." फिटरनं मानसुद्धा वर केली नाही. वडापावचा घास घेता घेता म्हणाला, "ऐकू नकोस. तोही टेम्पररी आहे, पर्मनंट कर म्हणत असेल." अख्खं कँटीन हसलं. टेम्पररीवाले जास्त हसले. हे गृहस्थ मात्र हसले नाहीत. पोट भरल्यासारखे शांत बसून राहिले.

शेजारच्या एका जुन्या बाईंनी मला समजावलं. "त्यांना सगळे पीए म्हणतात. मनावर घेऊ नकोस, माणूस सरळ आहे. ते वाक्य टाकतात."

"टाकतात म्हणजे?"

"म्हणजे अर्धं बोलतात आणि बाकीचं समोरच्यानं बोलावं म्हणून थांबतात. तू काहीबाही बोलून मोकळी हो. नाहीतर चहा गार होईपर्यंत बघत बसतील."

पीए हे काही त्यांचं पद नव्हतं. हुद्द्यानं ते साधे भांडारपाल. पीए ते एका सिनेमात झाले होते, आणि तेही खोटे पीए. सिनेमाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की तुम्ही लगेच मोबाइल काढाल आणि माझं ऐकायचं राहील. गोष्ट एवढीच, की दोन बेकार मित्र एसटी बंद पडल्यामुळे एका गावात उतरतात आणि ते गाव कांद्याची पाहणी करायला दिल्लीहून येणाऱ्या सरकारी पथकाची वाट बघत बसलेलं असतं. एकाच्या अंगात लग्नासाठी उसना आणलेला कोट, म्हणून तो साहेब. दुसऱ्याच्या हातात पिशवी, म्हणून तो पीए. गाव त्यांना ओवाळतं, बांधाबांधावरून मिरवतं, पुरणपोळी खाऊ घालतं. हेही आपण पथक असल्याच्या थाटात कांदे हुंगतात, माना डोलावतात आणि खरं पथक येईपर्यंत चैन करतात. मग जी पळापळ होते ती होतेच.

येवल्याकडच्या एका कांदा व्यापाऱ्याला एका हंगामात बरा भाव मिळाला आणि त्याच्या डोक्यात सिनेमाचं खूळ शिरलं. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत त्यानं या दोघांची जोडी बघितली होती. तो कँटीनमधला फिटर म्हणजे सिनेमातला साहेब. दोघं कॉलनीत समोरासमोरच्या क्वार्टरमध्ये राहायचे, एकाच स्कूटरवर ड्यूटीला यायचे. स्कूटर पीए चालवायचे आणि मागचा साहेब रस्ताभर लोकांना हात करायचा.

"जोडीत हसवणारा तो," पीए सांगायचे. "मी वाक्य टाकायचो, बस." यात त्यांना कमीपणा वाटायचा नाही, उलट ताठा होता. कॉलनीच्या मैदानावर संध्याकाळी व्हॉलीबॉल चालायचा, तिकडे बोट दाखवून म्हणायचे, "मॅडम, टाळ्या मारणाऱ्याला मिळतात, बरोबर आहे. पण चेंडू जाळीवर अलगद उचलून कोण देतो ते बघा. इंचभर इकडेतिकडे झालं की मारणारा हवेत हात फिरवून खाली येतो." विनोद सांगणाऱ्या माणसांचा त्यांना भारी तिटकारा. कुणी पार्टीत "एक जोक सांगतो" म्हणाला की हे ताट घेऊन दुसऱ्या खोलीत. "एकट्यानं कसले विनोद करतात?" म्हणायचे. "दुसरा लागतो त्याला."

फोटोत ते कधी मधे उभे राहिले नाहीत. कडेला जायचे आणि अर्धे वळायचे, म्हणजे शेजारच्याचा चेहरा पूर्ण दिसतो म्हणे. माझ्या बढतीच्या फोटोत त्यांचा कान तेवढा आला आहे. मोठ्या साहेबांसमोर मीटिंग असली की सगळं ठाऊक असूनही मुद्दाम माझ्याकडे बघून म्हणायचे, "हा माल आला कधी, तेच कळत नाही." आणि थांबायचे. मी पटकन उत्तर द्यायची आणि साहेब म्हणायचे, वा, मॅडमना सगळं तोंडपाठ! पहिल्यांदा मला वाटलं, वेंधळा आहे माणूस. ते मला चेंडू उचलून देत होते हे कळायला मला बराच काळ लागला. मी काय, आम्ही सगळेच त्यांना अर्धवट समजायचो. आता आठवलं की जीव हळहळतो.

सिनेमा नाशिकरोडच्या एका थिएटरात लागला, आठवडाभर चालला आणि उतरला. व्यापाऱ्यानं कपाळाला हात लावला आणि तो परत कांद्याकडे वळला. मी नोकरीला लागले तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. पण वर्षभरानं मुंबईच्या एका कंपनीनं सिनेमा घेतला आणि त्याची व्हीसीडी काढली. तिथून चक्र फिरलं. ती व्हीसीडी कुठे पोचली नाही सांगा! येवल्याच्या आठवडे बाजारात खेळण्यांच्या गाडीवर टांगलेली असायची. कांद्याच्या मार्केटमधल्या लॉजवर ट्रक ड्रायव्हर बघायचे, पेठ-सुरगाण्याकडे बॅटरीवर टीव्ही लावून अख्खा पाडा बघायचा. लग्नघरी हळदीच्या आधी पोरांना गप्प बसवायला लावायचे.

कव्हरवर नुसता साहेब. कोटात, गॉगल लावून, हातात कांदा. पीए कुठेच नाहीत. नाही म्हणायला साहेबाच्या खांद्यावर मागून आलेला एक हात आहे, मनगटापर्यंत. कापताना राहिला असणार. पीए ते कव्हर कौतुकानं दाखवायचे. "हा हात माझा," म्हणायचे. आम्ही मागे खिदळायचो.

पण कव्हरचं त्यांना काही वाटलं नव्हतं. त्यांच्या जिवाला लागलं ते दुसरंच. तेव्हाची व्हीसीडी म्हणजे एक सिनेमा दोन डिस्कवर. पहिली संपली की उठायचं, दुसरी लावायची. कंपनीत बसलेल्या कुणा बहाद्दरानं सिनेमा बरोब्बर मधोमध कापला. मधोमध म्हणजे कुठे? तर गावजेवणाच्या प्रसंगात. पंगत बसली आहे, पोळीवर तूप पडतंय, एक म्हातारा या दोघांकडे रोखून बघतोय. पीए साहेबाच्या कानाशी वाकून म्हणतो, "साहेब, मला वाटतं हे गाव आपल्याला ओळखतंय."

इथे पहिली डिस्क खलास. पडदा काळा.

साहेबाचं उत्तर दुसऱ्या डिस्कच्या सुरुवातीला. "ओळखत असतं तर जेवायला वाढलं असतं का?"

थिएटरात या जागेवर छप्पर उडायचं म्हणे. व्हीसीडीवर काय व्हायचं? वाक्य पडलं की काळोख, मग "ए, डिस्क बदल रे", मग कुणी पाणी प्यायला उठलं, कुणी पोराला शू करायला नेलं, आणि सगळे परत येऊन बसले की साहेब एकदम बोलायचा, ओळखत असतं तर वगैरे. लोक म्हणायचे, कोण ओळखत असतं तर? कुणीच हसायचं नाही.

पीए कंपनीला फोन करून थकले. "एक मिनिट पुढे कापा हो, एकच मिनिट," म्हणायचे. तिकडून कोण दाद देतंय? शेवटी त्यांनी स्वतःच मार्ग काढला. कॉलनीत कुणाकडे ती व्हीसीडी लागणार असं कानावर आलं की हे हजर. लोकांना वाटायचं, कौतुक करून घ्यायला आले. हे कसले खुर्चीत बसतात! टीव्हीपाशी उभे, दुसरी डिस्क बोटात अडकवून तयार. वाक्य पडायचा अवकाश, पहिली बाहेर, दुसरी आत. पण तो मेला प्लेअर! डिस्क आत गेली की घरघर करत बसायचा, मग कंपनीचं चिन्ह, मग सूचना. तोवर हशाचा जीव गेलेला असायचा.

मग त्यांना ती युक्ती सुचली. आमच्याकडे माझ्या दिराचं केळवण होतं, तेव्हा मी ती प्रत्यक्ष बघितली. घर माणसांनी भरलेलं. पीए टीव्हीच्या कडेला, अर्धे वळलेले. पहिली डिस्क संपली, दुसरी आत गेली, कंपनीचं चिन्ह आलं आणि गेलं, आणि चित्र उमटायच्या नेमक्या आधी पीए टीव्हीकडे वाकले. आमच्या त्या दिवाणखान्यात, चपला-बुटांच्या ढिगाऱ्यापाशी उभं राहून, स्वतःच्या तोंडानं म्हणाले, "साहेब, मला वाटतं हे गाव आपल्याला ओळखतंय."

आणि पडद्यावरून साहेबानं त्यांना उत्तर दिलं. "ओळखत असतं तर जेवायला वाढलं असतं का?"

काय हशा पिकला म्हणून सांगू! माझ्या सासूबाई, ज्या कधी दात दाखवत नसत, त्यांनी पदर तोंडाला लावला. मी पीएंकडे बघत होते. ते टीव्हीकडे बघत होते. चेहऱ्यावर असं समाधान, की मला उगाच भरून आलं.

त्या वेळपर्यंत साहेब मुंबईला निघून गेलेला होता. व्हीसीडीवर कुणीतरी त्याला बघितलं आणि मालिकेत घेतलं. त्यानं नोकरी सोडली, क्वार्टर सोडलं. जाताना पीएंच्या गळ्यात पडून रडला, असं लोक सांगतात. सुरुवातीला फोन यायचे. मग दिवाळीला यायचे. मग दिवाळीही गेली. पीएंच्या तोंडून कधी ब्र ऐकला नाही. "कामात असेल. शूटिंग म्हणजे काही खायचं काम नाही." त्याची मालिका मात्र न चुकता बघायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याजवळ कुरकुरायचे. साहेबाबद्दल नाही, साहेबासमोरच्या नटाबद्दल. "काल बघितलंत? त्याला जागाच देत नाही तो माणूस. वाक्य अंगावर फेकतो. कसा हसवेल बिचारा?"

जोडीदार गेला पण वाक्यं टाकायची सवय गेली नाही. उलट वाढली. रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला, लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला. टाकायचं आणि थांबायचं. सगळ्यात जास्त भोगलं ते त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी. वहिनी येवल्याकडच्या, तोंडाच्या फटकळ, मनाच्या लोणी. मला एकदा म्हणाल्या, "तुम्ही हापिसात सोसता मॅडम, मी घरात सोसते. भाजीत मीठ कमी हाय असं सरळ म्हणावं का नाय माणसानं? तर म्हणतात, ही भाजी कुणावर तरी रुसलेली दिसते. अन् बसतात माझ्या तोंडाकडं बघत! लय डोकं उठतं. मी म्हणते, गिळा मुकाट्यानं."

"मग?"

"मग काय, हसतात. म्हणतात, बरं उत्तर दिलंस. पदरी पडलं अन् पवित्र झालं."

एक दिवस कँटीनमध्ये मला लहर आली. पाऊस नव्हता, काम नव्हतं, सगळे निवांत. पीए माझ्या डब्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, मला वाटतं हे गाव आपल्याला ओळखतंय." हे वाक्य ते सहसा टाकत नसत. मी तर तयारच होते, केळवणापासून पाठ होतं. झटकन म्हटलं, "ओळखत असतं तर जेवायला वाढलं असतं का?" बरोबर वेळेवर, हं! सगळे हसले.

पीएही हसले, पण कसनुसं. चहा संपवून उठताना हळूच म्हणाले, "छान दिलंत. पण ते वाक्य तुमचं नाही मॅडम. ते त्याच्याकडे आहे. एकदा त्याच्या तोंडून समोरासमोर ऐकलं की झालं. थिएटरात ऐकलं, टीव्हीत ऐकलं. शूटिंग झाल्यापासून समोरासमोर नाही ऐकलं."

बायको, पोरं, नोकरी, घर, सगळं ठीक होतं त्यांचं. मागणं एवढंच उरलं होतं.

मग व्हीसीडी गेल्या, प्लेअर माळ्यावर गेले, आणि आम्ही समजलो की तो सिनेमाही गेला. कुठला जातोय! कुणीतरी घरातली जुनी डिस्क इंटरनेटवर चढवली. आणि कुणाच्या घरी काय टिकलं असेल? दुसरी डिस्क. पहिली हरवलेली. त्यामुळे मोबाइलवर फिरायला लागलं ते साहेबाचं उत्तर, त्याच्या आधीचं काहीच नाही. कोट, गॉगल, "ओळखत असतं तर जेवायला वाढलं असतं का?" झालं, त्याचं वेड लागलं लोकांना. निवडणूक आली की हे, लग्नात आहेर कमी आला की हे, जावई उपाशी राहिला की हे. आमच्या नव्या इंजिनिअर साहेबांनी ते पीएंनाच दाखवलं. पीएंनी मोबाइल हातात घेतला, पुन्हा पुन्हा सुरुवातीला नेला. "अहो, याच्या आधीचं कुठंय?"

"आधी काही नाहीये काका. एवढंच आहे."

पीएंनी मोबाइल परत दिला. मला मात्र संताप आला. अख्ख्या महाराष्ट्राला उत्तर पाठ आणि ज्याच्यामुळे ते उत्तर आलं तो इथे पावत्या लावत बसलेला.

या मोबाइलच्या लाटेवर साहेब पुन्हा वर आला. नाशिकच्या लोकांना आठवलं, अरे हा तर आपला माणूस! भूमिपुत्र म्हणून जाहीर सत्कार ठरला. चौकाचौकात फलक लागले, त्यावर तोच कोट आणि तोच कांदा. पीएंना कुणी बोलावलं नव्हतं. आमच्या युनियनच्या सेक्रेटरीनं आयोजकांकडे जाऊन भांडून त्यांना स्टेजवर दोन मिनिटं मिळवून दिली.

ते पंधरा दिवस पीएंचं वय निम्मं झालं होतं. सिनेमातला तो पिवळट सफारी ट्रंकेतून काढला. पोटावर बसेना, तर वहिनींनी बाजूनं उसवून कापड जोडलं. कँटीनमध्ये सगळ्यांना बजावलं, "मी टाकलं की तुम्ही कुणी ओरडू नका. त्याला बोलू द्या." थांबायचं किती, श्वास कुठे घ्यायचा, कुठल्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर उजेड येईल, हे सगळं ठरलं. आम्हीही नादावलो. कुणी त्यांना चक्रम म्हणालं नाही त्या दिवसांत. सगळ्यांनाच वाटत होतं, होऊन जाऊ दे एकदाचं.

हॉल खच्चून भरलेला. मी आणि वहिनी पुढून तिसऱ्या रांगेत. साहेब आला. केस काळेभोर, जोधपुरी, गालावर तुकतुकी. माणूस वाईट नव्हता हो, मी खोटं बोलणार नाही. सगळ्यांना वाकून नमस्कार केले, आईची आठवण काढली, एकलहऱ्याच्या चिमणीचं नाव घेऊन डोळे पुसले. मग निवेदिका म्हणाली, आता आपल्या भेटीला येत आहेत याच चित्रपटातले एक सहकलाकार.

पीए स्टेजवर गेले. अर्धे वळून उभे राहिले. साहेबाच्या कानाशी वाकून, माइकमध्ये स्पष्ट ऐकू येईल असं, अगदी पूर्वीच्या सुरात, "साहेब, मला वाटतं हे गाव आपल्याला ओळखतंय."

आणि थांबले. मान तिरपी, भुवई वर. वहिनींनी माझा हात गच्च धरला.

साहेबानं त्यांच्याकडे बघितलं. प्रेमानं बघितलं, हसून बघितलं. मग प्रेक्षकांकडे वळून म्हणाला, "ओळखणारच ना काका! एवढे फलक लावल्यावर कुत्रंसुद्धा ओळखेल!"

हॉल कोसळला. टाळ्या, शिट्ट्या. आयोजक तर खुर्चीतून पडायचे बाकी होते. हजरजबाबी म्हणजे काय, ते सगळ्यांनी बघितलं. साहेबानं पीएंच्या खांद्यावर हात टाकला, फोटो झाला, आणि मग त्यानं जरा आदबीनं विचारलं, माइक जवळच होता म्हणून आम्हालाही ऐकू आलं, "तुम्ही कुठे असता काका? येवल्यालाच का?"

तुम्ही! ज्याला ए गाढवा म्हणून हाक मारायचा, त्याला तुम्ही. आणि काका! त्याच्यापेक्षा पीए तीन महिन्यांनी लहान. त्यानं वेड पांघरून पेडगाव गाठलं असतं ना, तरी मी म्हटलं असतं, बरं झालं. निदान मनात ओळख असती. त्याला खरंच आठवलं नव्हतं. रोज कॅमेऱ्यासमोर कुणी ना कुणी वाक्य टाकतं आणि तो परतवतो, किती जणांना लक्षात ठेवणार? अख्ख्या हॉलला पाठ होतं ते उत्तर, पण त्याला सुरुवात ऐकून ते सुचलं नाही, कारण सुरुवात आता कुणालाच माहीत नव्हती. त्यालाही नाही.

पीए म्हणाले, "नाही, इथेच असतो." नमस्कार करून खाली आले.

परतताना द्वारका चौकात आमची रिक्षा अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक, हॉर्नचा कल्लोळ. मी तोंडाचा पट्टा सोडला होता. कृतघ्न म्हटलं, शेफारलेला म्हटलं, काय काय म्हटलं. पीए बाहेर बघत होते. शेवटी वहिनींना राहवलं नाही. "अहो, ओळखलंच नाय का त्यांनी तुम्हाला?"

"हशा आला ना?" पीए म्हणाले.

"आला तर काय!"

"मग मी नीट टाकलं होतं." आणि मग रिक्षा हलल्यावर, "त्याचं नवीन उत्तर जास्त चांगलं होतं."

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले, पंखा लावला आणि म्हणाले, "आज उकडतंय." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, पुढे काहीतरी येईल म्हणून. ते पावत्या लावायला बसले होते. त्या दिवसापासून त्यांनी एकही वाक्य टाकलं नाही. जे असेल ते पूर्ण बोलायचे, शेवटपर्यंत, जिथल्या तिथे मिटवून. रिक्षावाल्याला पत्ता सांगायचे, भाजीवाल्याला भाव विचारायचे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी भाषण केलं. सगळ्यांचे आभार मानले, कुणी राहिलं नाही. मोठे साहेब माझ्याकडे वाकून म्हणाले, "किती व्यवस्थित बोलतात हो! उगाच लोक काहीतरी सांगायचे यांच्याबद्दल." मला तिथून उठून जावंसं वाटलं.

गेल्या संक्रांतीला मी त्यांच्या जेलरोडच्या फ्लॅटवर गेले होते. दार त्यांनीच उघडलं. "या, बसा. यंदा थंडी चांगली पडली. गुडघे दुखतात, पण औषध चालू आहे." माझ्याशी छान बोलले, अर्धा तास. एकदाही थांबले नाहीत. मी एकदोन वेळा मुद्दाम काही बोलायला तोंड उघडलं, तर त्यांचं पुढचं वाक्य आधीच सुरू झालेलं.

मी आत स्वयंपाकघरात गेले. वहिनी चहा उकळत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "वहिनी, आता डोक्याचा ताप गेला तुमच्या."

त्यांनी गॅस बारीक केला. म्हणाल्या, "सगळे तेच म्हणतात, लय सुधारले म्हणून. मी पण नवस बोलले असते पूर्वी, त्यांचं ते बघणं थांबावं म्हणून. पण मॅडम, मी अडाणी बाई, शिव्या घालायची, तोंडाला येईल ते बोलायची. अन् तेवढं ऐकायला ते थांबायचे हो. माझ्या बोलण्याची वाट बघणारं एक माणूस होतं या घरात. आता मी बोलले काय अन् नाय बोलले काय."

बाहेरच्या खोलीतून त्यांचा आवाज आला, "चहा झाला असेल तर दोन कप आण. मॅडमना साखर कमी लागते."

वहिनी चिमटा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. दाराकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आणते."